मोडीत निघालेला इतिहास : तांबं, लोखंड आणि जर्मन

हरसूलच्या आठवडे बाजारात भंगारवाल्यापुढे तीन ढीग बघितले. सगळ्यात मोठा लोखंडाचा : मोडके विळे, कोयते, झिजलेले फाळ. दुसरा चेपलेल्या जर्मनच्या पातेल्यांचा. (ॲल्युमिनिअमला आपल्याकडे अजून कितीतरी घरांत ‘जर्मन’च म्हणतात.) तिसरा ढीग म्हणजे एक छोटी पिशवी, तांब्याच्या तारांची. ती त्याने मांडीखाली धरली होती!

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रांनो, आजचा लेख या तीन ढिगांबद्दल आहे. शाळेत आपण धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी पाठ केली : वर पोटॅशिअम, सोडिअम, मग ॲल्युमिनिअम, जस्त, लोखंड, खाली तांबं, चांदी, सोनं. आता ही यादी खालून वर वाचा. माणसाला धातू साधारण याच क्रमाने सापडले. असं का?

खडकात आहे, पण हातात येत नाही

हरसूलचा सगळा परिसर काळ्या बेसाल्टवर उभा आहे. या दगडात लोखंड आहे, ॲल्युमिनिअमही भरपूर आहे. तरी इथला माणूस हजारो वर्षं त्यावरून चालत गेला आणि ॲल्युमिनिअम नावाचं काही असतं हे त्याला कळलं नाही. कारण जो धातू जास्त क्रियाशील, तो ऑक्सिजनला जास्त घट्ट धरून बसतो. त्याला सोडवायला जास्त ऊर्जा लागते.

तांब्याची पकड सैल. त्याचं धातुक कोळशाबरोबर तापवलं की कार्बन ऑक्सिजन ओढून घेतो आणि तांबं मोकळं होतं. ते 1085 अंश सेल्सिअसला वितळतं. चांगल्या भात्याच्या भट्टीला एवढी उष्णता जमते. म्हणून आपल्याकडे तांबं आधी दिसतं. 1950-51 मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिक आणि संगमनेरजवळचं जोर्वे इथे उत्खनन केलं. जोर्व्याला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. ही संस्कृती इसवी सनापूर्वी 1400 च्या आसपास सुरू होते.

लोखंडाची गोष्ट वेगळी. ते वितळायला 1538 अंश लागतात. जुन्या भट्ट्या तिथवर पोचत नव्हत्या. त्यामुळे स्पंजासारखा, राखमळीने भरलेला गोळा मिळायचा आणि तो ठोकून ठोकून शुद्ध करावा लागायचा. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला 1978 ते 1980 च्या उत्खननात अशी लोखंड गाळायची भट्टी सापडली. ती साधारण इसवी सनापूर्वी सातव्या शतकातली. सह्याद्रीत महाबळेश्वरच्या बाजूला धावड लोक जांभ्या दगडातून लोखंड काढायचे, ते याच घराण्यातलं तंत्र.

आणि ॲल्युमिनिअम? त्याला कोळसा पुरतच नाही. तिथे वीज लागते. 1886 मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघांनी, एकमेकांना न विचारता, वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून त्यातून वीज सोडली. तोवर हा धातू इतका महाग होता की राजेरजवाड्यांच्या टेबलावर मिरवायचा. आज तो हरसूलच्या चुलीवर आहे.

इथे एक सावधगिरी. श्रेणी म्हणजे इतिहासाचं वेळापत्रक नव्हे. जस्त बघा. कोळशाने त्याचं क्षपण होतं, पण ते 907 अंशाला उकळतं. भट्टीत तयार होतं ते वाफ म्हणून, आणि हवा लागली की परत ऑक्साइड. राजस्थानात जावरला कारागिरांनी ही वाफ खाली उतरवून थंड करायची युक्ती काढली, तेव्हा कुठे जस्त मोठ्या प्रमाणात हाती आलं. म्हणजे क्रियाशीलतेइतकाच उत्कलनबिंदूही इतिहास घडवतो. एकाच कारणावर प्रबंध उभा करू नका!

मोड : संशोधकाची डोकेदुखी

माझ्या आजीकडे तांब्याचा हंडा होता. तळाला ठोके, काठाला झाळ. मी बारावीत असताना तो मोडीत देऊन घरात स्टीलचा पिंप आला. तेव्हा काहीच वाटलं नाही. आता वाटतं, निदान एक फोटो तरी काढायचा होता.

नाशिकच्या तांबटांकडे ही मोड पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली. जुनं भांडं द्या, वजन करा, वरची घडणावळ भरा, नवं घ्या. व्यवहार शहाणपणाचा आहे. ॲल्युमिनिअम पुन्हा वितळवायला नव्याने काढण्याच्या सुमारे 5 टक्केच ऊर्जा लागते, कारण ऑक्सिजनशी भांडण एकदाच झालेलं असतं. पण मोडीत धातू वाचतो आणि पुरावा जातो. दहा घरांचं तांबं एका मुशीत गेलं की कुठल्या खाणीचं कुठलं, हे सूक्ष्म घटकांवरून सांगणं फार अवघड होतं.

प्रवरेकाठच्या दायमाबादचं उदाहरण घ्या. 1974 मध्ये छबू लक्ष्मण भिल झाडाचं खोड उपटत होते. जमिनीतून रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा निघाला. सगळं मिळून 60 किलोहून जास्त. त्या काळी एवढ्या वजनाची मोड सहज खपली असती. ती खपली नाही म्हणून आपल्याला दायमाबादचा रथ माहीत आहे.

तरी वाद संपलेला नाही. म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि साळी यांनी परिस्थितिजन्य पुराव्यावरून या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूचं पृथक्करण पुढे केलं : यात 1 टक्क्याहून जास्त आर्सेनिक आहे आणि इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असं मिश्रण दिसत नाही, म्हणून त्या बऱ्याच नंतरच्या असू शकतात. वस्तू त्याच, प्रश्न विचारायची रीत वेगळी, आणि उत्तरात हजारभर वर्षांचा फरक!

यातून मी माझ्यापुरतं शिकलो ते एवढंच. एखाद्या थरात तांबं कमी मिळालं तर ‘इथे तांबं कमी वापरत’ असं लगेच लिहू नका. कदाचित ते इतकं मोलाचं होतं की कुणी मागे सोडलंच नाही. लोखंड गंजून मातीत जातं, तांबं मोडीत जातं. आपल्यापर्यंत पोचतं ते विसरलेलं, पुरलेलं किंवा हरवलेलं.

आणि दुसरं : घरी माळ्यावर जुनं भांडं असेल तर मोडीत द्यायच्या आधी त्याचं वजन घ्या, फोटो काढा, काठावर कोरलेलं नाव उतरवून घ्या. ते कुणाच्या लग्नात आलं हे आजीला विचारा. मी विचारलं नाही.