निंदणीतल्या रानभाज्या

सुरतेतील अनेक मराठी कुटुंबांचे मूळ गाव धुळे, जळगाव किंवा नंदुरबारकडे आहे. तिकडे पावसाळ्यात निंदणी करताना बायका उपटलेल्या तणातूनच संध्याकाळची भाजी ओटीत भरून आणतात.

तरोटा (टाकळा) : पहिल्या पावसानंतरचा कोवळा पाला खुडावा; फुलावर आल्यावर तो निबर होतो. गुजरातीत कुंवाडियो.

घोळ : जमिनीलगत पसरते, पाने जाड व आंबट. गुजरातीत लुणी. दांडा मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, दुसरेच तण समजून टाकून द्यावे.

तांदुळजा : कोवळी पाने व शेंडे घ्यावेत. गुजरातीत तांदळजो.

कर्टुले : बांधावरच्या वेलीचे काटेरी फळ, गुजरातीत कंकोडा. कंद उपटू नये. पुढच्या पावसात वेल त्यातूनच फुटते.

फवारणी झालेल्या कपाशीतली वा तिच्या बांधावरची भाजी धुऊनसुद्धा खाऊ नये. ओळख पक्की नसेल तर आधी जाणत्या माणसाला दाखवावी. सुट्टीत गावी गेल्यावर मुलांना आजीबरोबर शेतात जरूर पाठवावे. ही ओळख हाताने खुडूनच होते.