फायलींचं बिऱ्हाड

व्ही, ई, कॅपिटल एम, के, आय, डब्ल्यू, जे. कृतिदेव फाँट निवडून इंग्रजी कीबोर्डवर या सात कळा ओळीने दाबल्या की पडद्यावर ‘अमडापूर’ उमटतं. चिखलीहून खामगावकडे जाताना लागणारं, बल्लाळदेवीच्या टेकडीचं अमडापूर. पण फाइलीत अमडापूर नसतंच. तिथे ती सात इंग्रजी अक्षरं मुकाट बसलेली असतात आणि फाँट त्यांना देवनागरीचे मुखवटे चढवतो. टायपिंगच्या दुकानातला जुना संगणक काढून नवा आणला, पेनड्राइव्हवरून सगळा डेटा चढवला आणि नव्यावर कृतिदेव टाकायचा राहून गेला, तर ग्रामपंचायतीचा ठराव, बचत गटाचा अर्ज, लग्नपत्रिकेचा मजकूर असं सगळंच इंग्रजी अक्षरांचा काला होऊन समोर येतं. फाइल पूर्ण आलेली असते. एक बाइटही वाटेत सांडलेला नसतो.

जुन्या संगणकातून नव्यात फायली नेण्याची कुळकथा सहसा तारा आणि तबकड्या मोजत सांगितली जाते. तशी ती सांगायला हवीच. पण मराठी मुलखात बिऱ्हाड हलवताना सामान कधी फारसं हरवलं नाही. घोळ घातला तो अक्षरांनी.

गंमत म्हणजे अगदी मुळातही भानगड अक्षरांचीच होती. १९७१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत एमआयटीत काम करणाऱ्या अभय भूषण यांनी ‘फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल’ म्हणजे एफटीपीचा पहिला मसुदा मांडला. भूषण मूळचे अलाहाबादचे आणि आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा दिसतो: एका संगणकातली फाइल दुसऱ्यात न्यायची. पण अर्पानेटला जोडलेली यंत्रं एकमेकांच्या भाऊबंदांतली नव्हती. पीडीपी-१० हे यंत्र ३६ बिटांच्या शब्दात विचार करी, आयबीएम ३६० हे ३२ बिटांच्या. ‘ए’ हे अक्षर एकीकडे अॅस्की संकेतात लिहिलेलं, दुसरीकडे आयबीएमच्या एब्सिडिक संकेतात. जशीच्या तशी नक्कल नेली तर पलीकडे कचरा उघडणार. म्हणून एफटीपीच्या नियमांतच तजवीज आहे: पाठवताना आधी सांगायचं की हा मजकूर आहे की नुसते बिट, आणि मजकूर असेल तर कोणत्या संकेतातला.

तारेचा आणि तबकडीचा भाग त्या मानाने झटपट उरकतो. आयबीएमची आठ इंची फ्लॉपी १९७१ ची, सव्वापाच इंची १९७६ ची, आणि ज्या साडेतीन इंची फ्लॉपीचं चित्र अजून ‘सेव्ह’च्या बटणावर दिसतं ती १.४४ एमबीची १९८७ ची. दोन संगणक केबलने पाठीला पाठ लावून जोडणारं लॅपलिंक १९८३ मध्ये आलं. २००० मध्ये बोटाएवढी यूएसबी ड्राइव्ह विकायला आली. आयबीएमने त्या वर्षअखेरीस आणलेल्या ड्राइव्हची क्षमता होती आठ एमबी. आपल्याकडे तिला पेनड्राइव्ह हे नाव असं चिकटलं की दुसरं कुणी वापरतच नाही. विंडोज एक्सपीत फायली आणि सेटिंग हलवणारा विझार्ड होता, व्हिस्टात त्याचं नाव ‘ईझी ट्रान्स्फर’ झालं, आणि विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने ते प्रकरणच काढून टाकलं. ही साधनं फायली नेत, प्रोग्रॅम नेत नसत. इंग्रजीत काम करणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नव्हता. मराठीत नुसती फाइल पोचून भागत नसे.

अमडापूर ज्यात येतं त्या वऱ्हाडात तर संगणकाच्या कितीतरी आधीपासून ‘फाइल हलवणं’ हे जोखमीचं काम मानलं गेलं आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला, पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली आणि गावोगावच्या पटवाऱ्याकडे कागदांचे गठ्ठे वाढत गेले. पेरेपत्रक, हक्क नोंदणी, जन्ममृत्यूचं कोतवाल बुक. पटवारी बदलला की दप्तराचा चार्ज द्यायचा-घ्यायचा. कागद जीर्ण झाला की नक्कल उतरवायची. जुन्या नोंदी मोडीत, नव्या बाळबोधीत. त्यामुळे नक्कल करणाऱ्याला दोन्ही लिप्या यायलाच हव्यात. मोडी कारभारातून गेली तसे असे वाचणारे कमी होत गेले. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी जाणकारांना अचानक किती भाव आला ते राज्याने पाहिलं. दप्तर शाबूत होतं. ते वाचता येणारे डोळे शोधावे लागले.

देवनागरी संगणकात आणण्याचं मोठं काम पुन्हा कानपूरच्याच आयआयटीत सुरू झालं. तिथे आकाराला आलेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे पुण्यात आलं, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये. संगणकात जिस्टचं कार्ड बसवलं की काळ्या पडद्यावर मराठी अक्षरं दिसू लागत. त्यामागचा संकेत म्हणजे ‘इस्की’, भारतीय मानक १३१९४, साल १९९१. त्यातली एक कल्पना खरोखर देखणी होती: सगळ्या भारतीय लिप्यांतल्या ‘क’ला एकच क्रमांक. लिपी बदलायची खूण दिली की तोच मजकूर गुजरातीत, नाहीतर बंगालीत दिसे. सरकारी मानक आलं, कीबोर्डची इनस्क्रिप्ट मांडणीही ठरली, आणि बाजाराने दोन्हीला वळसा घातला.

कारण विंडोज ९५ ला देवनागरी येत नव्हती. येत होती ती फक्त इंग्रजी अक्षरं आणि काही खुणा. मग फाँट बनवणाऱ्यांनी त्या अक्षरांच्या जागीच काना, मात्रा, अर्धी अक्षरं रंगवली. पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, बंगळूरची आकृती, शिवाजी, कृतिदेव. प्रत्येकाचा मुखवटा निराळा. त्या वेळी यात कुणाचं चुकलं असं म्हणवत नाही. पत्रिका संध्याकाळी छापून हवी असते, मानकासाठी मुहूर्त थांबत नाही. शिवाय कृतिदेवची मांडणी टाइपरायटरच्या चालीची असल्याने टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या पिढीची बोटं आपोआप चालत.

हा उरक पुढे किती महाग पडला ते पाहायला अमडापूरच्या तालुक्याचं नाव पुरतं. कृतिदेवमध्ये ‘चिखली’ लिहिताना आधी पहिली वेलांटी येते, मग च. टाइपरायटरवर वेलांटी डावीकडे उमटते, म्हणून ती आधी. ‘ख’ तर एक अक्षरच नाही. अर्धा ख आणि त्याला जोडलेला काना, अशा दोन कळा. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: आधी च, मग वेलांटी, मग सबंध ख. म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला नुसती अक्षरं बदलून भागत नाही. वेलांटी उचलून मागे ठेवावी लागते आणि अर्ध्या खचा काना त्यातच विरघळवावा लागतो. ‘अर्ज’ लिहिताना उलटं. तिथे रफार सगळ्यात शेवटी टाइप केलेला असतो, तो जच्या आधी आणून बसवायचा. ‘स्त्रिया’ किंवा ‘आर्थिक’सारख्या शब्दावर बरेच कन्व्हर्टर अडखळत. मग माणूस बसे आणि ओळीमागून ओळ डोळ्यांखालून घाली.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिच्यातल्या देवनागरीचा साचा इस्कीवरूनच घेतलेला. पण ती अमडापूरसारख्या गावातल्या टेबलावर पोचायला बराच काळ जावा लागला. विंडोज २००० सोबत ‘मंगल’ फाँट आला. तो घडवला कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. एक्सपीतही देवनागरी होती, फक्त ती चालू करायला भाषांच्या सेटिंगमध्ये एक खूण करावी लागे, आणि खूण केली की संगणक मूळ सीडी मागे. गावातल्या किती दुकानांकडे मूळ सीडी असेल, हे ज्याचं त्याने ताडावं. युनिकोड आलं म्हणून मराठीचे सगळे प्रश्न मिटले असंही झालं नाही. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या फायलींत तो अ आणि चंद्र असा जोडलेला, त्यामुळे आजही शोधात नव्या पद्धतीने टाइप केलेला ‘ॲडव्होकेट’ जुन्या फाइलीत सापडेलच असं नाही. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळायला तर २०१४ उजाडलं.

या सगळ्याची मोठी परीक्षा झाली सातबाऱ्यावर. राज्यातले सातबारे संगणकात टाइप झाले ते तालुक्यातालुक्यांत, तिथल्याच सर्व्हरवर. पुढे एनआयसी या केंद्र सरकारच्या माहितीविज्ञान केंद्राने पुण्यात ई-फेरफार प्रणाली घडवली आणि सगळा डेटा युनिकोडमध्ये आणून राज्याच्या डेटा सेंटरवर न्यायचं ठरलं. ३५८ तालुके, सुमारे अडीच कोटी सातबारे. जुन्यातून नव्यात जाण्याचं एवढं मोठं काम महाराष्ट्रात क्वचितच झालं असेल. आणि इथे अक्षर चुकलं म्हणजे वारस चुकतो, दशांशचिन्ह सरकलं म्हणजे बांध सरकतो.

तलाठ्यांनी ते कसं निभावलं हे सविस्तर लिहिलं जायला हवं. ‘एडिट’ आणि ‘री-एडिट’ हे दोन शब्द त्या वर्षांत त्यांच्या तोंडी बसले. संगणकातला सातबारा एका हाताला, हस्तलिखित दुसऱ्या हाताला. गट नंबर, क्षेत्र, आकार, खातेदार, इतर हक्क, एकेक रकाना ताडून पाहायचा आणि दोन्ही तंतोतंत जुळतात असं घोषणापत्र द्यायचं. २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन झालं. सर्व्हरवर गेलेली नोंद कागदावर छापून, गाव जमवून, मोठ्याने वाचायची. ज्याची जमीन त्याने ऐकायची आणि चूक असेल तर तिथेच सांगायची. कॉपी नीट झाली की नाही हे तपासायला संगणकशास्त्रात ‘चेकसम’ नावाची आकडेमोड असते. चेकसमला बाइट कळतात, भाऊबंद कळत नाहीत, चावडीला कळतात. १ मे २०१८ ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला आणि तलाठ्याच्या सही-शिक्क्यासाठीची खेप बरीच वाचली.

छापखान्यांची गोष्ट वेगळी. पत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं पेजमेकरमध्ये जुळवायची सवय, आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोड उमगत नाही. जुन्या मराठी पॅकेजांना प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचायचं डोंगल लागे, नव्या संगणकाला ते पोर्टच नसतं. त्यामुळे नवा संगणक आला तरी जुना एक्सपीवाला कोपऱ्यात चालूच ठेवायचा, इंटरनेट न जोडता. मजकूर व्हॉट्सअॅपवर युनिकोडमध्ये येतो, ऑपरेटर तो कन्व्हर्टरमधून काढून कृतिदेवमध्ये किंवा श्रीलिपीत नेतो, पेनड्राइव्हने कोपऱ्यातल्या संगणकावर चढवतो. फायलींचा प्रवास आता उलट्या दिशेनेही होतो, नव्याकडून जुन्याकडे. नव्या प्रोग्रॅममध्ये युनिकोड नीट चालतं हे ऑपरेटरलाही माहीत असतं; पण वीस वर्षांचे नमुने जुन्यात पडलेले असतात, आणि लग्नसराईत नवं शिकायला सवड कुणाला?

सातबाऱ्यातही सगळं निस्तरलं असं नाही. हस्तलिखितातून संगणकात येताना राहिलेली चूक आढळली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करायचा, सोबत जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची आणि फेरफाराची नक्कल जोडायची. अमडापूरच्या खातेदाराला त्यासाठी चिखलीचं तहसील गाठावं लागे.