शब्दाला धनी हवा

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटच्या दिशेने जो कोपर्निकस मार्ग जातो, त्यावर दूरदर्शनचे भवन उभे आहे आणि जुने महाराष्ट्र सदनही आहे. या रस्त्याचे पूर्वीचे नाव लिटन रोड. लिटन हे नाव कानांवर पडले की मराठी वृत्तपत्रांच्या अभ्यासकाला १८७८ सालचा देशी भाषांतील वृत्तपत्रांविषयीचा कायदा आठवल्यावाचून राहत नाही. इंग्रजी पत्रांना या कायद्यातून मोकळीक होती. मराठी वा बंगाली पत्राच्या मुद्रकाकडून मात्र हमी आणि अनामत मागता येई, छापखाना जप्त करता येई, आणि त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दीत हा कायदा रद्द झाला. परंतु त्याच्या कर्त्यांना अभिप्रेत नसलेली एक कबुली त्यात दडलेली होती. देशी भाषेतील शब्दाला आता वजन आले आहे, हीच ती कबुली होय.

श्रोतेहो, समाजमाध्यमांमुळे राजकारण आणि नागरिकत्व कसे पालटले, याची चर्चा आज घरोघरी चालते. ही चर्चा वाटते तितकी नवी नाही. शब्द लोकांपर्यंत पोचवायचा कोणी, आणि पोचलेल्या शब्दाची जबाबदारी घ्यायची कोणी, हे दोन प्रश्न आपल्याकडे छापखान्याबरोबरच आले आहेत.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्यात एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी मजकूर असे. म्हणजे प्रजेने वाचावे आणि राज्यकर्त्यांच्याही दृष्टीस पडावे, अशी ती योजना होती. पुढे भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे प्रसिद्ध होऊ लागली. लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरि देशमुख, सरकारी नोकरीतले गृहस्थ. त्यांनी टोपणनाव घेतले, हे माझ्यासारख्या शासकीय सेवकाला सहज समजते. परंतु पत्राखाली टोपणनाव असले, तरी ते छापणारा संपादक उघड होता. लेखकाचे नाव लपले. मजकुराची जबाबदारी लपली नाही.

याच विचाराला संघटित रूप आले ते पुण्यात. २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी आम्ही जनतेच्या वतीने बोलतो एवढेच म्हणून थांबले नाहीत. सुमारे ६,००० लोकांनी सह्या करून दिलेल्या मुखत्यारपत्रांच्या आधारे ९५ प्रतिनिधी सभासद झाले. मतदानाचा हक्क अजून दूर होता. पण सरकारपुढे ठेवलेल्या प्रत्येक अर्जामागे कोण उभे आहे, हे कागदावर दाखविता येत होते.

या इतिहासाची दुसरी बाजूही विसरता येणार नाही. जबाबदार संपादक हा दाराशी उभा राहणारा राखणदारही असतो, आणि राखणदार कोणाला आत घेईल हे त्याच्या मर्जीवर ठरते. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढले, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही त्याची जाहिरात ‘केसरी’ने छापली नाही, असे त्यांनीच पुढे नमूद केले आहे. समाजाच्या फार मोठ्या भागाला स्वतःचा छापखाना उभारल्यावाचून तोंड उघडता येत नव्हते. आज एखाद्या पाड्यावरची मुलगी हातातल्या फोनवरून आपल्या शाळेच्या गळक्या छपराचे चित्र थेट मंत्र्यापर्यंत पाठवू शकते. हे राखणदाराचे दार मोडले गेले याचे मोल ‘मूकनायक’चा इतिहास जाणणाऱ्याने तरी कमी लेखू नये.

आकाशवाणी आणि दूरदर्शन यांनी शब्दाला अफाट पल्ला दिला. परंतु तो प्रवाह एकाच दिशेने वाहणारा होता. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीपासून राजकीय पक्षांना या माध्यमांवर आपली भूमिका मांडण्यासाठी वेळ मिळू लागला. ऐकणाऱ्याच्या हाती मात्र पोस्टकार्डापलीकडे काही नव्हते. फेब्रुवारी १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. पुढच्या वीस वर्षांत श्रोता हाच वक्ता झाला. त्याचे परिणाम महाराष्ट्राने दोन प्रसंगांत पाहिले.

पहिला प्रसंग पालघरचा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. तेव्हा एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदविषयी प्रश्न उपस्थित केला आणि दुसरीने त्याला पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली; एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोडही झाली. पुढे हे प्रकरण मागे घेण्यात आले आणि अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाचा येथे आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. १८७८ चा कायदा छापखान्यापुरता होता. हे कलम प्रत्येक खिशापर्यंत पोचले होते.

दुसरा प्रसंग धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याचा. १ जुलै २०१८ हा तेथील आठवडे बाजाराचा दिवस होता. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवरून देशभर पसरत होते. त्यांतील एक चित्रफीत तर मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार केलेली होती. पळविलेले मूल परत आणून सोडतात तो शेवटचा भागच कोणीतरी कापून टाकला होता. मंगळवेढ्याकडचे, भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण त्या बाजारी आले आणि संशयावरून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. ज्या समाजाची दारोदार जाऊन गाणी म्हणण्याची परंपरा गावोगावी ठाऊक होती, त्याच समाजातील माणसे एका फोनवरील मजकुरामुळे परकी ठरली.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. पालघरमध्ये शब्दाचा धनी उघड होता, शब्द निरुपद्रवी होता, आणि शिक्षा मात्र तत्काळ झाली. राईनपाड्यात शब्द प्राणघातक होता आणि त्याला धनीच नव्हता. प्रत्येकाने तो पुढे ढकलला. लिहिला कोणीच नाही. आपल्या कायद्याचा हात नाव लावून बोलणाऱ्याच्या मानेवर पडला, आणि निनावी कुजबूज मोकळी सुटली. त्याच महिन्यात त्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पाठविता येणार नाही अशी मर्यादा घातली. वेग कमी झाला. धनी मिळाला नाही.

तथापि २०१८ सालाची आणखी एक आठवण आहे. मार्चमध्ये नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी, त्यांत पुष्कळसे आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत आले. फुटलेल्या तळपायांची छायाचित्रे फोनवरून घरोघर पोचली आणि शहरातील माणसे पाणी व चपला घेऊन रस्त्यावर उभी राहिली. दहावीच्या परीक्षार्थींची गैरसोय होऊ नये म्हणून मोर्च्याने शेवटची मजल रात्रीतच पुरी केली. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले. येथे समाजमाध्यमाने काम केले ते दवंडीचे; पाय शेतकऱ्यांचे होते आणि कागदावरील सही शासनाची होती.

नागरिकांचा सहभाग या शब्दाला अर्थ येतो तो या दोन टोकांमुळे. एका टोकाला नाव घेऊन उभा राहणारा नागरिक हवा; दुसऱ्या टोकाला नाव घेऊन उत्तर देणारा अधिकारी हवा. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने हेच साधले. अर्जदाराला कारण विचारायचे नाही, ३० दिवसांत उत्तर द्यायचे, आणि नकार द्यायचा तर त्याचे कारण व अपील कोणाकडे करायचे तेही लिहून द्यायचे. उलट, संकेतस्थळावर तक्रार नोंदविली की यंत्र तत्क्षणी क्रमांक देते. आम्हां कारकुनी परंपरेतल्या माणसांना तो क्रमांक म्हणजेच निवारण वाटू लागण्याचा धोका असतो. पोच म्हणजे उत्तर नव्हे.

छापखान्याच्या काळात मजकुराच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाचे नाव असे. ती ओळ बहुतेक वाचक वाचत नसत, पण ती तेथे असल्यामुळे वरचा मजकूर सावधपणे लिहिला जाई. आपल्या फोनवरील संदेशाच्या तळाशी ती ओळ नाही. ती मनाने आपल्यालाच लिहावी लागेल. हाती आलेला मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी एवढेच पाहावे, की सार्वजनिक सभेच्या त्या ६,००० लोकांप्रमाणे याखाली मी माझी सही करीन का?