वैर नसलेला वाद

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात भांडणांना तोटा नाही. त्यांतले सर्वांत गाजलेले भांडण २९ जानेवारी १९९२ रोजी सुरू झाले. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी लिनक्स कालबाह्य असल्याचा निर्वाळा दिला. अध्यापनासाठी त्यांनी १९८७ साली मिनिक्स ही प्रणाली रचली होती. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लहान असावा, हा त्यांचा आग्रह. लिनक्समध्ये बहुतेक सारे एकाच गाभ्यात सामावलेले, शिवाय ते इंटेलच्या ३८६ प्रोसेसरशी जखडलेले. हेलसिंकीचे २२ वर्षांचे विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी तिखट उत्तर दिले आणि दुसऱ्याच दिवशी त्या सुराबद्दल क्षमाही मागितली. अशा रचनेला आपल्या वर्गात फारसे गुण मिळाले नसते, असा टोला प्राध्यापकांनी हाणला.

पुढे २००४ साली लिनक्स मिनिक्सवरून उचलल्याचा आरोप अमेरिकेत झाला, तेव्हा तो जाहीरपणे खोडून काढला टॅनेनबाउम यांनीच. रचनेविषयीचे मत मात्र त्यांनी सोडले नाही. आम्हांस या वादाचे मोल वाटते ते यासाठी.

तरीही तिखटपणाचे गोडवे आम्ही गाणार नाही. १९९२ साली विद्यार्थी प्राध्यापकांना उलट बोलत होता. पुढे टॉरवाल्ड्स स्वतःच अधिकारस्थानी आले, आणि तीच धार सहकाऱ्यांवर चालू लागली. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी त्याबद्दल माफी मागितली व काही काळ काम थांबवले. वरच्याला दिलेले उत्तर धीट ठरते. खालच्याला दिलेले तेच उत्तर त्याचे तोंड बंद करते.