काडतूस पुनर्भरण

काडतूस पुनर्भरण म्हणजे एकदा उडवलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून ते पुन्हा वापरण्याजोगे करणे होय. अमेरिकेत व युरोपातील काही देशांत पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरचे नेमबाज हे काम घरी, छोट्या दाबयंत्रावर करतात. भारतात परवान्यावाचून ते करणे गुन्हा आहे. यंत्र चालवण्याचे काम फारसे अवघड नाही. नवशिक्याची खरी परीक्षा कोणती दारू घ्यावी आणि ती किती भरावी या निवडीत असते. प्रस्तुत लेखात मुख्यतः या निवडीमागील शास्त्राचा विचार केला आहे.

काडतुसाची रचना

काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारी टोपी, आतील दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढताच टोपीवर आघात होतो, तिच्यातील ठिणगीने दारू पेटते आणि तयार झालेल्या वायूच्या दाबाने गोळी नळीबाहेर फेकली जाते. ज्या काडतुसाची टोपी बुडाच्या मध्यभागी स्वतंत्रपणे बसवलेली असते त्याचेच पुनर्भरण होते. .२२ बोअरच्या काडतुसात पेट घेणारे रसायन बुडाच्या कडेतच भरलेले असते, त्यामुळे ती पुंगळी एकदाच उपयोगी पडते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यात हेच .२२ बोअरचे काडतूस वापरले जाते. पुरुषांच्या २५ मीटर सेंटर फायर प्रकारात मात्र .३२ बोअरचे, पुनर्भरण होऊ शकणारे काडतूस प्रचलित आहे.

दारू आणि तिचा ज्वलनवेग

मराठीत ‘दारू’ हा एकच शब्द बंदुकीच्या, तोफेच्या, शोभेच्या आणि सुरुंगाच्याही दारूला लावतात, आणि त्यातून पुष्कळ गैरसमज होतात. कोयना प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी आणि पुढे २५ एप्रिल २०१२ रोजी शिवसागर जलाशयाच्या तळाशी सुरुंग लावून पाणी बोगद्यात घेण्यात आले. तेथील स्फोटकाचे काम क्षणार्धात खडक फोडण्याचे होते. बंदुकीच्या दारूने फुटायचे नसते, जळायचे असते. तेही ठरावीक वेगाने, म्हणजे गोळी नळीतून पुढे सरकत असताना मागून दाब मिळत राहतो.

बंदुकीच्या दारूचे दोन मुख्य प्रकार आहेत. जुनी काळी दारू हे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण असून सोऱ्याचे प्रमाण त्यात सर्वाधिक, सुमारे तीनचतुर्थांश असते. ती धूर फार करते आणि नळीत पुष्कळ मळ ठेवते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून धूरविरहित दारू तयार केली. आल्फ्रेड नोबेल यांची बॅलिस्टाइट आणि ब्रिटिशांची कॉर्डाइट ही तिच्या पाठोपाठची रूपे असून त्यांत नायट्रोग्लिसरीनही असते. आजची जवळजवळ सर्व काडतुसे धूरविरहित दारूची असतात.

धूरविरहित दारूचे कण चकतीसारखे, गोळीसारखे किंवा बारीक नळकांड्यासारखे बनवतात. कणाचा आकार आणि त्यावरील रासायनिक लेप यांवर तिचा ज्वलनवेग ठरतो. रायफलची नळी लांब असल्याने तिला सावकाश जळणारी दारू चालते. पिस्तुलाची नळी आखूड असते; गोळी बाहेर पडण्यापूर्वी दारू जळून संपली पाहिजे, म्हणून तेथे जलद जळणारी दारू थोड्या मापात वापरतात. जलद दारूचे माप थोडेच असल्यामुळे किंचित जास्त भरली तरी दाब झपाट्याने वाढतो. दोन दारू रंगारूपाने अगदी सारख्या दिसूनही त्यांचे वेग भिन्न असू शकतात. म्हणून दारू तिच्या मूळ डब्यातच ठेवावी आणि नाव नसलेली दारू नष्ट करावी, हा या क्षेत्रातील पहिला नियम आहे.

मापाचा तक्ता

दारूचे माप अंदाजाने ठरवत नाहीत. दारू व गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या दाबमापक नळीत चाचण्या घेऊन तक्ते प्रसिद्ध करतात. दाबाच्या मर्यादा युरोपात सी.आय.पी. (स्थापना १९१४) आणि अमेरिकेत सामी (स्थापना १९२६) या संस्थांनी आखून दिल्या आहेत. तक्त्यातील एक ओळ म्हणजे एक पूर्ण जुळणी असते: काडतुसाचे नाव, गोळीचे वजन व घडण, दारूचे नाव, टोपीचा प्रकार, तयार काडतुसाची एकूण लांबी, दारूचे आरंभीचे माप आणि कमाल माप. यांतील एक घटक बदलला की ती ओळ लागू पडत नाही. गोळी जड असेल तर दाब वाढतो. तीच गोळी पुंगळीत थोडी खोल बसली तर आतील पोकळी कमी होऊन दाब पुन्हा वाढतो. लहान पुंगळीच्या पिस्तुलात हा परिणाम विशेष तीव्र असतो.

नवशिक्याने आरंभीच्या मापापासून सुरुवात करावी आणि दाबाच्या खुणा पाहत टप्प्याटप्प्यानेच वर जावे, असे सर्व तक्ते बजावतात. टोपी चपटी होणे, पुंगळीला तडा जाणे, ती नळीच्या घरात अडकणे या त्या खुणा होत. पण त्या उशिरा दिसतात, त्यांवर विसंबता येत नाही. कमी दारू भरणे म्हणजे सुरक्षितता, ही समजूतही चुकीची आहे. फार थोड्या दारूने गोळी नळीतच अडकते, आणि मागून दुसरी सुटली तर नळी फुगते किंवा फुटते.

दारू ग्रेन या एककात तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मे. कानपूरच्या शासकीय कारखान्यातील .३२ रिव्हॉल्व्हरला लागणारे ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’ हे काडतूस मुळात १८९६ मध्ये काळ्या दारूसाठी निघाले. त्यात जलद धूरविरहित दारू भरली की पुंगळीचा बराच भाग मोकळा राहतो. एकाच पुंगळीत नजरचुकीने दोनदा दारू पडली तरी ती उतू जात नाही. यासाठी गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत उजेड पाडून पाहण्याची पद्धत आहे.

सह्याद्रीतील ठासणीची बंदूक

कोयनानगर, पाटण आणि सांगली जिल्ह्यातील चांदोली या जंगलपट्ट्यात पुनर्भरणाचा छंद नाही. परंतु दारूच्या निवडीचा प्रश्न तेथे ठासणीच्या बंदुकीच्या रूपाने परिचित आहे. भात, नाचणी वा उसात शिरणाऱ्या रानडुकरांपासून पीकसंरक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याची तरतूद शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये आहे. या बंदुकीत काळी दारू आकारमानाने मोजून नळीच्या तोंडातून ओततात आणि गजाने ठासतात. त्याच मापाने धूरविरहित दारू भरली, तर दाब नळीच्या ताकदीपलीकडे जातो आणि बंदूक धरणाऱ्याच्या चेहऱ्याजवळच फुटते. काडतूस फोडून काढलेली दारू ठासणीत घालणे म्हणूनच प्राणघातक ठरते. कोयनानगरला पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दमट झालेली दारू पेटत नाही अथवा उशिरा पेटते, आणि चाप ओढल्यावर बार न झालेली बंदूक लगेच तोंडाशी नेऊन पाहणे हा दुसरा मोठा धोका आहे.

साठवणीची ही चिंता जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू जमिनीवर न ठेवता माचावर ठेवावी आणि आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून ऊन द्यावे, असे सांगितले आहे. आजच्या दारूला उन्हात ठेवणे हानिकारक असते. ती थंड, कोरड्या जागी ठेवतात.

भारतातील कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९च्या व्याख्येप्रमाणे ‘दारूगोळा’ या संज्ञेत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही येतात. कलम ५ नुसार दारूगोळ्याच्या उत्पादनाला परवाना लागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना उत्पादनाला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. म्हणून येथील परवानाधारक कारखान्यात भरलेलीच काडतुसे घेतात. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘केएफ’ ही मुद्रा त्यांच्या परिचयाची असून १२ बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसे तेथलीच. १ ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आहे.

अभयारण्यालगतच्या गावांना आणखी एक बंधन लागू होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाला वनखात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय तेथे नवा परवाना देता येत नाही. कोयना अभयारण्याला लागून असल्यामुळे कोयनानगर या कक्षेत येते.