मिसळ खायला कुठे बसायचं?

सायखेड्याहून नाशकात आलेला मित्रांचा ग्रुप मिसळीसाठी हॉटेल निवडताना काय बघतो? तर्री, गर्दी, पार्किंग. आपल्यातल्या कुणाला आत घेतील का, हा प्रश्नच येत नाही. संशोधनाला लागणाऱ्यांनी मात्र तो विचारावा. १९५० साली लागू झालेल्या राज्यघटनेचं कलम १५(२) वाचा. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं इथे जातीवरून कुणाला अडवता येणार नाही, असं त्यात लिहिलंय. मनाई हाही पुरावाच असतो. अडवत होते, म्हणून लिहावं लागलं. (काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह याच नाशकातला.) पुढे १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेवरून हॉटेलातली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा ठरवला. म्हणजे आत घेऊनही कप वेगळा ठेवता येत होता! तालुक्यातल्या जुन्या हॉटेलांवर काम करणार असाल, तर मेनूच्या आधी कपबशांबद्दल विचारा.