उघडे दार आणि पंगत

पंगतीत बसायला मिळणे आणि पंगतीत वाढायला मिळणे यांत किती अंतर असते, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. 'पंक्तिप्रपंच' हा शब्दच आपल्या भाषेने त्या अनुभवातून घडवला आहे. निमंत्रण सर्वांना असते, पाने सर्वांसाठी मांडलेली असतात; तरीही कोण कोठे बसला आणि वाढप कोणाच्या हाती होते, यावरून त्या घराच्या आतिथ्याची पारख होते. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चचा इतिहास वाचताना हा शब्द मला वारंवार आठवला. 'एपिस्कोपल चर्च आपले स्वागत करते' अशी पाटी त्या देशात गावोगावी दिसते. पण स्वागत करणारा यजमान कोण, आणि स्वागत झालेला पाहुणा कधी घरचा होतो की नाही, हा प्रश्न पाटीवर लिहिलेला नसतो. फिलाडेल्फिया शहरातील दोन मंडळ्यांच्या इतिहासात मात्र तो स्पष्ट वाचता येतो.

एपिस्कोपल चर्च म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन परंपरेची अमेरिकन शाखा. स्वातंत्र्ययुद्धानंतर १७८९ साली फिलाडेल्फियातच तिची घटना आणि तिचे प्रार्थना-पुस्तक मंजूर झाले. या पंथात पॅरिश, म्हणजे स्थानिक मंडळी, हा सामुदायिक जीवनाचा पाया. मंडळी आपले विश्वस्त निवडते. बिशपांकडे दीक्षेचा अधिकार असतो. आणि उपासनेच्या केंद्रस्थानी प्रभुभोजन, म्हणजे भाकरी व द्राक्षारस यांचा संस्कार असतो. तेव्हा पंगतीचा दृष्टान्त येथे बाहेरून आणलेला नाही. ज्या धर्मविधीचे रूपच भोजनाचे आहे, तेथे 'वाढणार कोण' हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणारच होता.

तो पहिल्यांदा उभा राहिला तो कृष्णवर्णीयांच्या रूपाने. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या ॲब्सलम जोन्स यांना, प्रार्थना संपण्याचीही वाट न पाहता, उठवून दुसरीकडे जाण्यास सांगण्यात आले. जोन्स जन्माने गुलाम होते. आपले स्वातंत्र्य त्यांनी विकत घेतले होते. ते, रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती त्या चर्चमधून बाहेर पडले. १७९३ मध्ये शहरात पीतज्वराची भीषण साथ आली, तेव्हा याच दोघांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीयांनी रुग्णांची शुश्रूषा केली, प्रेते पुरली. पुढे त्यांच्यावरच लुबाडणुकीचा आरोप झाला आणि १७९४ मध्ये जोन्स व ॲलन यांनी त्याचे लेखी खंडन प्रसिद्ध केले. आफ्रिकन-अमेरिकन गद्याच्या अभ्यासकाने ही पुस्तिका अवश्य वाचावी.

त्याच वर्षी सेंट थॉमस हे आफ्रिकन चर्च सुरू झाले आणि एपिस्कोपल पंथात सामील झाले. सामील होताना या मंडळीने स्वतःच्या अटी घातल्या होत्या: आम्हाला संघटित मंडळी म्हणून स्वीकारावे, आमचा कारभार आमच्या हाती राहावा, आणि जोन्स यांना उपासना चालवण्याची परवानगी व पात्र ठरल्यास दीक्षा मिळावी. या अटी मान्य झाल्या. १७९५ मध्ये जोन्स डीकन झाले आणि पुढे या पंथाचे पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू ठरले. पण त्याबरोबर धर्मप्रांतानेही एक अट घातली: या मंडळीला प्रांताच्या अधिवेशनात प्रतिनिधी पाठवता येणार नाही. ही अट १८६० च्या दशकापर्यंत टिकली. म्हणजे दार उघडले, पान मांडले. पण घराचा कारभार जेथे चाले त्या माजघरात प्रवेश नव्हता.

दुसरी कथा त्याच शहराच्या उत्तर भागातली. १८८७ ते १८९७ या काळात तेथे 'चर्च ऑफ द ॲडव्होकेट' ही भव्य वास्तू उभी राहिली. जॉर्ज साउथ या व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ ती बांधली गेली. चार्ल्स बर्न्स हे तिचे वास्तुविशारद. फ्रेंच गॉथिक शैलीतील दगडी कमानी, लंडनच्या क्लेटन अँड बेल यांच्या रंगीत काचा, असा सगळा थाट होता. त्या काळी अनेक चर्चमध्ये बसण्याची बाके कुटुंबांना भाड्याने दिली जात; सधनांची जागा पुढे, निर्धनांची मागे किंवा सज्जात. ॲडव्होकेटमध्ये मात्र आरंभापासून बाके सर्वांना मुक्त ठेवण्यात आली.

येथे एक मराठी संदर्भ नोंदवणे आवश्यक आहे. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ मध्ये याच शहरात आल्या होत्या, आणि त्यांचे 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक १८८७ मध्ये, म्हणजे या चर्चचे बांधकाम सुरू झाले त्याच वर्षी, फिलाडेल्फियातच प्रसिद्ध झाले. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन पंथाचा बाप्तिस्मा घेतला होता. त्यानंतर त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा भारतातील अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी पत्रांतून आपल्या सदसद्विवेकाचा अधिकार निक्षून मांडला. त्यांचेही स्वागतच झाले होते. स्त्रीने किती पुढे यावे, हे मात्र यजमानांनी ठरवायचे होते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ॲडव्होकेटच्या भोवतालचा परिसर पालटला. सधन गोरी कुटुंबे निघून गेली. वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि गरीब झाली. १९६२ मध्ये पॉल वॉशिंग्टन हे कृष्णवर्णीय धर्मगुरू येथे प्रमुख म्हणून आले आणि १९८७ पर्यंत राहिले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये उत्तर फिलाडेल्फियात दंगल उसळली. अशा वस्तीत चर्चचे दार उघडे ठेवणे म्हणजे काय, याचा अर्थ वॉशिंग्टन यांनी शब्दशः घेतला. १९६८ ची ब्लॅक पॉवर परिषद येथे भरली. १९७० मध्ये ब्लॅक पँथर पक्षाच्या अधिवेशनासाठीही या वास्तूने जागा दिली. दोनच वर्षांनी मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव याच पक्षावरून घेतले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. पुढच्या काळात येथे भुकेल्यांसाठी अन्नछत्रही चालले. प्रभुभोजनाची वेदी आणि अन्नछत्राचे टेबल एकाच छपराखाली आले.

तरी एक विसंगती उरली होती. उपासनेला बसणारे चेहरे काळे आणि भोवतालच्या काचांतील संत गोरे. १९७३ ते १९७६ या काळात वॉल्टर एडमंड्स आणि रिचर्ड वॉटसन या चित्रकारांनी चर्चच्या भिंतींवर चौदा भव्य चित्रे रंगवली. बायबलमधील वचनांच्या जोडीने त्यांत गुलामगिरी, बंड आणि मुक्तिसंग्राम यांची दृश्ये आली. जुन्या काचा काढल्या नाहीत; त्यांच्या शेजारी नवा पाठ मांडला. एकाच ग्रंथाची दोन वाचने एकाच वास्तूत समोरासमोर उभी राहिली. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने भाष्यपरंपरा म्हणजे काय हे येथे भिंतीवर पाहावे.

ही चित्रे रंगत असतानाच, २९ जुलै १९७४ रोजी, अकरा स्त्रियांना येथे धर्मगुरूपदाची दीक्षा देण्यात आली. पंथाच्या नियमांनी तोवर स्त्रियांना हे पद दिले नव्हते. पेनसिल्व्हेनियाच्या तत्कालीन बिशपांचा विरोध असतानाही वॉशिंग्टन यांनी आपले चर्च दिले. डॅनियल कॉरिगन, रॉबर्ट डीविट आणि एडवर्ड वेल्स या तीन बिशपांनी दीक्षा दिली. तिघेही धर्मप्रांताच्या कारभारातून निवृत्त वा मुक्त झालेले होते. दीक्षा घेणाऱ्यांत ज्येष्ठ होत्या ७९ वर्षांच्या जॅनेट पिकार्ड. १९३४ मध्ये त्या बलूनमधून स्थितांबरापर्यंत जाऊन आल्या होत्या. मिरवणुकीच्या अग्रभागी क्रूस धरला होता बार्बरा हॅरिस यांनी. त्या याच मंडळीतील कृष्णवर्णीय स्त्री आणि निवडलेल्या ज्येष्ठ विश्वस्त होत्या. विधीत ठरल्याप्रमाणे कोणाची हरकत आहे का, असे विचारले गेले. काही धर्मगुरूंनी उठून ती नोंदवली. ती ऐकून घेतली गेली आणि विधी पुढे चालू राहिला.

त्यानंतर लवकरच, १५ ऑगस्टला, शिकागो येथे तातडीने जमलेल्या बिशपांनी ही दीक्षा अवैध ठरवली. त्या दिवशी प्रवचन देणारे समाजशास्त्रज्ञ चार्ल्स विली यांनी निषेधार्थ पंथाच्या प्रतिनिधिगृहाच्या उपाध्यक्षपदाचा राजीनामा दिला. १९७६ च्या अधिवेशनाने अखेर स्त्रियांना धर्मगुरूपद खुले केले. हॅरिस स्वतः १९८० मध्ये धर्मगुरू झाल्या आणि ११ फेब्रुवारी १९८९ रोजी जगभरच्या अँग्लिकन परिवारातील पहिल्या स्त्री बिशप.

या घटनाक्रमाकडे सरळ प्रगतीची कथा म्हणून पाहण्याचा मोह होतो, तो टाळावा. प्रत्येक टप्प्यावर पंथाने आधी दार उघडले नि मग उंबरठ्याच्या आत आणखी एक उंबरठा घातला. १७९४ मध्ये मंडळी चालली, प्रतिनिधी चालला नाही. १९७४ मध्ये विश्वस्त स्त्री चालली, वेदीपाशी उभी राहणारी चालली नाही. तो आतला उंबरठा यजमानांनी आपणहून क्वचितच काढला. ज्यांना पाहुणे समजले गेले त्यांनीच, 'हे घर आमचेही आहे' असे गृहीत धरून, तो ओलांडला. नियम मागाहून आला. म्हणून दारावरच्या पाटीपेक्षा आत वाढप कोणाच्या हाती आहे, ते पाहणे अधिक उपयोगाचे. कृष्णवर्णीयांच्या हातून, स्त्रीच्या हातून भाकरी स्वीकारायला मंडळी जेव्हा रांगेत उभी राहते, तेव्हाच पंक्तिप्रपंच मोडतो.